महाविद्यालयीन ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांची अध्यापनासाठी तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या ग्रंथालयांतील ग्रंथपाल, सहायक, लिपिक आणि परिचर यांना विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी कसे तयार करावे, याविषयी प्राचार्य, विभागप्रमुख आणि स्वतः ग्रंथपाल नेहमी काही प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. साधनांची उत्तम माहिती असणे वेगळे आणि ती साधने दुसऱ्याला वापरता येतील अशा रीतीने शिकवणे वेगळे, या समजुतीवर सर्व उत्तरे उभी आहेत. शिकवणे सरावाने येते आणि तो सराव संस्थेने जाणीवपूर्वक घडवून आणावा लागतो.

ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी शिकवायचे ते नेमके काय?

एखाद्या प्रश्नासाठी कोणती माहिती हवी आहे हे ठरवणे, ती शोधणे, तिचा खरेखोटेपणा आणि दर्जा पारखणे, आणि ती आपल्या लेखनात प्रामाणिकपणे वापरणे, एवढा या अध्यापनाचा आवाका आहे. यालाच आपण माहिती साक्षरता म्हणतो. ही संज्ञा पॉल झुरकोव्स्की यांनी 1974 मध्ये अमेरिकेत प्रथम वापरली, पण त्यामागची गरज आपल्याकडे रोज काउंटरवर दिसते. प्रकल्पासाठी आलेला विद्यार्थी गूगलवर सापडलेली पहिली तीन पाने छापून आणतो, संदर्भसूचीच्या जागी नुसते संकेतस्थळांचे पत्ते लिहितो, आणि आपण दुसऱ्याचे लेखन उचलले आहे याची त्याला कल्पनाही नसते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते, म्हणून असे घडते.

हे प्राध्यापकांचे काम नाही का?

विषय शिकवणे हे प्राध्यापकांचे काम आहे. मात्र विषयातील साहित्य कोठे आणि कसे नोंदवलेले असते, कोणता शब्द घातला की ते सापडते, एखादे नियतकालिक विश्वासार्ह आहे की पैसे घेऊन काहीही छापणारे आहे, याचे रोजचे ज्ञान ग्रंथालयात असते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी गणिताचे अध्यापक होते आणि त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. वाचकाचा वेळ वाचवा हा त्यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक नियम आपण भिंतीवर लावतो. पुस्तक हातात आणून दिले की वाचकाचा एकदा वेळ वाचतो. शोधायला शिकवले की पुढच्या प्रत्येक वेळी वाचतो. ग्रंथालयाचे हे काम त्याच्या मूळ धर्मातच आहे, असे माझे ठाम मत आहे.

बी.लिब. आणि एम.लिब. करताना हे शिकवले जात नाही का?

वापरकर्ता शिक्षण आणि माहिती साक्षरता हे घटक अभ्यासक्रमांत असतात. पण त्यांवर उत्तरपत्रिकेत टिपा लिहिल्या जातात. बी.एड.च्या विद्यार्थ्याला जसे सूक्ष्म पाठ आणि सराव पाठ घ्यावे लागतात, पाठ टाचण काढावे लागते, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकाचे शेरे ऐकावे लागतात, तसे भावी ग्रंथपालाला सहसा करावे लागत नाही. पुढे नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन तो महाविद्यालयात रुजू होतो, त्याचा दर्जा सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचा असतो, आणि पहिल्याच जुलैत त्याला तीनशे विद्यार्थ्यांसमोर उद्बोधन वर्ग घ्यायला उभे केले जाते. त्या वर्गात त्याची जी ओढाताण होते, तिचे मूळ प्रशिक्षणातील या उणिवेत असते. तिचा दोष त्या व्यक्तीला देऊ नये.

जून-जुलैतील उद्बोधन वर्ग पुरेसा नाही का?

नाही. ग्रंथालयाची वेळ, ओळखपत्र, किती पुस्तके किती दिवस मिळतात, उशीर झाल्यास दंड किती, ही माहिती त्या वर्गात द्यावी आणि ती छापील पत्रकातही द्यावी. पण शोध कसा घ्यावा हे शिकवण्याची ती वेळ नव्हे, कारण विद्यार्थ्यासमोर तेव्हा कोणताही प्रश्न नसतो. प्रकल्पाचा विषय मिळाल्यावर, म्हणजे साधारण सत्राच्या मध्यावर, तोच विद्यार्थी तेच शिकवणे जीव ओतून ऐकतो. म्हणून कर्मचाऱ्यांना तयार करताना त्यांना पहिली सवय लावावी ती विभागांकडून प्रकल्पांचे वेळापत्रक मागून घेण्याची.

तयारी कोणाची करायची? फक्त ग्रंथपालाची, की सहायक आणि परिचरांचीही?

सर्वांची, पण प्रत्येकाची वेगळी. वर्ग घेणे हे ग्रंथपाल आणि पदवीधर सहायक यांचे काम असले, तरी ग्रंथालयातील सर्वाधिक शिकवणे देवघेव काउंटरवर होते आणि तिथे बहुधा लिपिक किंवा परिचर असतो. एक नेहमीचा प्रसंग पाहा. विद्यार्थिनी येते आणि म्हणते, “सर, पर्यावरणावर पुस्तक पाहिजे.” परिचर तिला कपाटाकडे बोट दाखवतो, किंवा फार तर एक पाठ्यपुस्तक काढून देतो. आता हाच परिचर पुढचे दोन प्रश्न विचारायला शिकला आहे असे समजा: “कशासाठी पाहिजे, बाळ? विषय काय दिलाय सरांनी?” मग कळते की तिला पंचगंगेच्या प्रदूषणावर दहा पानांचा प्रकल्प लिहायचा आहे. अशा विषयाला पर्यावरणाचे पाठ्यपुस्तक फारसे उपयोगी नाही. तिला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवाल, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि एखादा प्रबंध हवा. परिचराने ते सर्व शोधून द्यावे अशी अपेक्षा नाही. त्याने तिला योग्य माणसाकडे पाठवावे, एवढे पुरे. मात्र ते दोन प्रश्न विचारण्याचा सराव त्याला द्यावा लागतो. कामाचे तास संपण्यापूर्वी एका सहकाऱ्याने विद्यार्थी व्हावे, दुसऱ्याने काउंटरवर बसावे, आणि तिसऱ्याने ऐकावे. अर्धा तास पुरतो, आणि याला कोणताही खर्च नाही.

ज्या कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे पुस्तके हाताळली आहेत, त्यांना संग्रहाची जाण अनेकदा नव्या पदवीधरापेक्षा अधिक असते. तयारीच्या कार्यक्रमात त्यांना शेवटच्या रांगेत बसवू नये. त्यांच्याकडून शिकावे असे बरेच असते.

पहिला पाठ कसा आखावा?

येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. नवशिक्या ग्रंथपालाचे नियोजन साधनापासून सुरू होते: आधी ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरील तालिका) दाखवू, मग शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे महाजालावरील भांडार), मग एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके पुरवणारी सेवा), मग संदर्भ व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, शेवटी वाङ्मयचौर्य. एका तासिकेत एवढे सारे पडद्यावर सरकत जाते, विद्यार्थी माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गूगलकडे जातात. नियोजन उलट्या टोकाकडून करावे. तासिका संपल्यावर विद्यार्थ्याला कोणती एक गोष्ट स्वतः करता आली पाहिजे, हे एका वाक्यात लिहावे. ती आली की नाही हे कसे कळेल, हे दुसऱ्या वाक्यात लिहावे. आणि मगच काय दाखवायचे ते ठरवावे. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी 1998 मध्ये नियोजनाची ही पद्धत शिक्षकांसाठी सविस्तर मांडली आणि ग्रंथालयातील एकेकट्या तासिकेला ती फार चपखल बसते.

उदाहरण घेऊ. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतरावर प्रकल्प दिला आहे. पाठाचे उद्दिष्ट असे लिहिता येईल: विद्यार्थी आपल्या विषयासाठी किमान चार शोधशब्द काढील आणि त्यांच्या आधारे एक प्रबंध शोधून त्याचा पूर्ण संदर्भ लिहील. तासिका पन्नास मिनिटांची असेल, तर पहिली पाच मिनिटे विद्यार्थ्यांनी आपला विषय एका प्रश्नात लिहावा. पुढची दहा मिनिटे फळ्यावर शब्द गोळा करावेत: ऊसतोड, ऊसतोडणी, साखर कारखाना, टोळी, मुकादम, उचल, कोयता, बीड जिल्हा, हंगामी स्थलांतर, आणि यांचे इंग्रजी पर्याय. यातले कितीतरी शब्द बीड किंवा अहिल्यानगरकडील विद्यार्थी स्वतःच सांगतात, आणि आपल्या घरातला शब्द संशोधनाच्या कामाला येतो हे पाहून त्यांचा धीर वाढतो. त्यानंतरची वीस मिनिटे विद्यार्थ्यांनी दोघादोघांनी मिळून शोध घ्यावा आणि शिकवणाऱ्याने वर्गात फिरावे. या वीस मिनिटांत आपण बोलायचे नाही, हे नवीन शिकवणाऱ्याला सर्वांत जड जाते. उरलेल्या वेळात दोन जोड्यांनी काय सापडले आणि काय सापडले नाही ते सांगावे, आणि शेवटची पाच मिनिटे, आज काय जमले आणि काय समजले नाही हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहिण्यासाठी राखावीत.

शोधगंगेवर एक बारकावा आवर्जून दाखवावा. तिथे प्रबंध बहुधा एका सलग फाइलमध्ये नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची अशा वेगवेगळ्या फाइली असतात. विद्यार्थी पहिली फाइल उघडतो, त्यात फक्त शीर्षक पाहतो, आणि काही मिळाले नाही म्हणून बंद करतो. त्याला आधी अनुक्रमणिका आणि मग थेट संदर्भसूची उघडायला शिकवले, तर एका प्रबंधातून त्या विषयावरील पुस्तके, लेख आणि शासकीय अहवाल यांची तयार वाट सापडते. हे सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि पन्नास मिनिटांतून विद्यार्थ्याला बहुधा हेच सर्वांत जास्त दिवस आठवते.

आंतरराष्ट्रीय आराखडे वाचणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण उपयुक्त आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने, म्हणजे एसीआरएलने, 2000 मध्ये माहिती साक्षरतेची मानके जाहीर केली होती. त्यांत विद्यार्थ्याला काय काय आले पाहिजे याची पायऱ्यापायऱ्यांची यादी होती. 2016 मध्ये ती मानके मागे घेऊन संघटनेने सहा संकल्पनांचा आराखडा स्वीकारला: अधिकार संदर्भानुसार ठरतो, माहिती एका प्रक्रियेतून घडते, माहितीला मूल्य असते, संशोधन प्रश्नांतून पुढे जाते, विद्वत्ता हा चालू असलेला संवाद आहे, आणि शोध घेणे हे विचारपूर्वक करायचे काम आहे. पाठ टाचण काढताना यांतील एकच संकल्पना घ्यावी. एका तासिकेत सहाही बसवण्याचा मोह टाळावा.

त्याच संघटनेने 2017 मध्ये शिकवणाऱ्या ग्रंथपालाच्या सात भूमिका मांडल्या. पुरस्कर्ता, समन्वयक, पाठाचा रचनाकार, आजन्म विद्यार्थी, नेता, शिक्षक आणि अध्यापनातील सहकारी अशा त्या भूमिका आहेत. सातांपैकी शिक्षक ही एकच भूमिका वर्गात उभे राहण्याची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तयारीचा कार्यक्रम भाषणकौशल्याच्या कार्यशाळेपुरता का ठेवू नये ते कळते.

शिकवताना भीती वाटते. तिचे काय करावे?

भीती दोन्ही बाजूंना असते. कॉन्स्टन्स मेलन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 75 ते 85 टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील शोधकामाविषयीची आपली पहिली भावना भीतीच्या भाषेत सांगितली होती. आपल्याला काही येत नाही, इतरांना येते, आणि विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, असे त्यांना वाटत होते. समोरचे विद्यार्थी आपल्यापेक्षा अधिक धास्तावलेले आहेत, हे नव्या शिकवणाऱ्याला एकदा नीट समजले की त्याचे लक्ष स्वतःवरून त्यांच्याकडे वळते. बाकीची भीती सरावानेच जाते. पाच मिनिटांचा एकच मुद्दा तीन सहकाऱ्यांसमोर शिकवावा, अभिप्राय ऐकावा आणि त्याच दिवशी तो पुन्हा शिकवावा, बी.एड.मधील सूक्ष्म अध्यापनाची हीच रीत आहे. जवळपास अध्यापक महाविद्यालय असेल, तर तेथील प्राध्यापकांना एका दुपारी बोलावावे. ते आनंदाने येतात, आणि आपल्या ग्रंथालयांनी त्यांना इतकी वर्षे का बोलावले नाही, याचे मला नवल वाटते.

कोणत्या भाषेत शिकवावे?

विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत डेटाबेसचा पडदा इंग्रजी असला, तरी समजावणे मराठीत असावे, आणि ओपॅक, कीवर्ड, डाउनलोड, लॉगइन हे रुळलेले शब्द तसेच ठेवावेत. क्लिष्ट पारिभाषिक मराठीही विद्यार्थ्याला परकीच असते. गोंडवन, खानदेश किंवा कोकण येथील वर्गात स्थानिक बोलीतील एखादा शब्द आला, तर तो आनंदाने घ्यावा.

भाषेचा दुसरा प्रश्न अधिक गहन आहे आणि त्यावर आपल्याकडील प्रशिक्षणात फारसा वेळ दिला जात नाही. तो आहे मराठीत शोध घेण्याचा. महात्मा फुले यांच्यावरील साहित्य शोधायचे असेल, तर मराठीत जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा आणि ज्योतिबा अशी रूपे आढळतात. रोमन लिपीत त्यांची आणखी रूपे होतात आणि आडनावाचे स्पेलिंगही दोन प्रकारे केलेले दिसते. एका रूपाने शोध घेतला की बाकीचे साहित्य दृष्टीआड राहते. अनुस्वार आणि परसवर्ण यांच्यामुळे हेच होते: संत आणि सन्त, हिंदी आणि हिन्दी संगणकाला वेगळे शब्द वाटू शकतात. मराठीतील बऱ्याच प्रबंधांच्या तालिका-नोंदी रोमन लिप्यंतरात केलेल्या असतात, त्यामुळे देवनागरीत शोधणाऱ्याला त्या दिसत नाहीत. शिवाय युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या फाइलींच्या आतील मजकूर शोधयंत्राला वाचताच येत नाही.

इंग्रजीसाठी तयार झालेली कोणतीही आयती प्रशिक्षण-पुस्तिका हे शिकवणार नाही. म्हणून प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या कर्मचाऱ्यांकडून एक सराव करवून घ्यावा: आपल्या विद्यापीठातील एक मराठी विषय निवडावा, त्याची सर्व लेखनरूपे दोन्ही लिपींत लिहून काढावीत, प्रत्येक रूपाने ओपॅक आणि शोधगंगा येथे शोध घ्यावा, आणि कोणत्या रूपाने काय सापडले ते वहीत नोंदवावे. ही वही पुढे वर्गात थेट उदाहरण म्हणून वापरता येते, आणि आपल्याच तालिकेतील चुकाही तिच्यामुळे सापडतात. विषयाच्या प्राथमिक परिचयासाठी मराठी विश्वकोशाची नोंद आधी वाचायला लावावी. तो महाजालावर खुला आहे आणि त्यातील पारिभाषिक शब्द शोधशब्द म्हणून उपयोगी पडतात.

माहितीचा दर्जा पारखायला कसे शिकवावे?

बराच काळ पद्धत अशी होती की एखाद्या संकेतस्थळावर लेखकाचे नाव, तारीख, संपर्क, भाषा असे निकष लावून खुणा करायच्या. यांतील सर्वाधिक प्रसिद्ध निकषावली कॅलिफोर्नियातील चिको येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयातून 2004 मध्ये पुढे आली. आज कोणतेही फसवे संकेतस्थळ या सर्व खुणा सहज पूर्ण करते. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्यपडताळक आणि स्टॅनफर्डमधील 25 विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली होती. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली-वर वाचत राहिले आणि अनेकदा फसले. तथ्यपडताळकांनी लगेच नवे टॅब उघडून त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते पाहिले आणि कमी वेळात अचूक निष्कर्ष काढला. आपल्या कर्मचाऱ्यांना शिकवायची पद्धत हीच: पान सोडा, बाहेर जाऊन चौकशी करा, मग परत या.

नियतकालिकांच्या बाबतीत तर हे शिकवणे आता टाळता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी असेपर्यंत बऱ्याच ठिकाणी संशोधकाला एकच सूचना दिली जाई की नाव यादीत आहे का ते बघा. या यादीचे काम पुण्यातून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चालत होते. 2025 मध्ये आयोगाने ती यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्था आणि संशोधक यांच्यावर आली. ज्यांना केवळ यादी बघायला शिकवले होते ते त्या दिवशी अडचणीत आले. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर तिथे आहेत का, लेख परीक्षणाला किती काळ लागतो, शुल्क आधी सांगितले आहे का, जुने अंक उघडतात का, हे पारखायला ज्यांना शिकवले होते, त्यांचे काम चालू राहिले.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथपालाने काय शिकवावे?

आयोगाने 2019 मध्ये पीएच.डी.च्या पूर्वतयारीत संशोधन आणि प्रकाशन नैतिकता हा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्याच्या सहा घटकांपैकी मुक्त प्रवेश प्रकाशन, प्रकाशनातील गैरवर्तन, आणि डेटाबेस व संशोधनमापन हे घटक ग्रंथपालाच्या हातचे आहेत. विद्यापीठ ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी हे घटक शिकवण्याची तयारी दाखवावी आणि तशी लेखी विनंती करावी. 2018 च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनी संस्थांवर प्रशिक्षणाची जबाबदारी टाकली आहे, पण बहुतेक ठिकाणी तिचे रूप साम्य-अहवाल, म्हणजे मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो याचा संगणकीय अहवाल, काढून देण्यापुरते उरले आहे. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे प्रत्येक संशोधकाला पाठ असते. अवतरण आणि सारांश यांत फरक कोणता, दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत मांडली तरी संदर्भ का द्यावा लागतो, हे मात्र त्याला कोणी करून दाखवलेले नसते. अहवालातील रंगीत ओळी समोर ठेवून एक परिच्छेद त्याच्याकडूनच नव्याने लिहून घ्यावा.

एक राष्ट्र एक सदस्यता योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 ई-नियतकालिके तिच्यातून केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना खुली करण्यात आली आणि तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर झाले. आपली संस्था तिच्यात मोडते का, हे आधी पाहावे. मोडत असेल, तर कर्मचाऱ्यांनी स्वतः आत जाऊन एकेका विषयाचे पाच लेख उतरवून पाहिल्याशिवाय वर्ग घेऊ नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत काय शिकवावे?

चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आल्यापासून अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ घेऊन विद्यार्थी ग्रंथालयात येऊ लागले आहेत. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, खंड आणि पृष्ठांकही पटण्याजोगे, पण असा लेख कधी प्रसिद्धच झालेला नसतो. विद्यार्थ्याला रागावून उपयोग नाही. त्याच्याच यादीतील तीन संदर्भ घ्यावेत, डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक) तपासावा, नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडावी, आणि त्यालाच निष्कर्ष काढू द्यावा. कर्मचाऱ्यांनी ही साधने स्वतः वापरून पाहिली पाहिजेत, विशेषतः मराठीतील प्रश्नांसाठी. शोधशब्द सुचवून घेण्यासाठी ती कामाला येतात, आणि तेही वर्गात सांगावे.

प्राध्यापक तासिका देत नाहीत. काय करावे?

तासिका मागू नये. मदत देऊ करावी. “आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या संदर्भसूची गेल्या वर्षी कशा होत्या, सर?” या प्रश्नाने बोलणे सुरू केले की प्राध्यापक स्वतःच तक्रारी सांगू लागतात, आणि त्या तक्रारींतून पाठाचे उद्दिष्ट तयार होते. एका विभागातील एका प्राध्यापकापासून सुरुवात करावी आणि तासिकेला त्यांना वर्गात बसायची विनंती करावी. ते उपस्थित असले की विद्यार्थी ते काम गांभीर्याने घेतात. प्राचार्यांचे परिपत्रक काढून सर्व विभागांवर वर्ग लादल्यास उपस्थितीपत्रके भरतात, पण संबंध बिघडतात.

संगणक कमी आहेत आणि इंटरनेट मंद आहे. मग?

कागदावर शिकवावे. शोधशब्द काढणे, संदर्भ लिहिणे, दोन लेखांच्या पहिल्या पानांची तुलना करणे, यांतील कशालाही वीज लागत नाही. उरलेल्या भागासाठी पडद्यांची चित्रे आधी छापून ठेवावीत, किंवा विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर दोघांत एक असा शोध घ्यावा.

विद्यार्थी शिकले की नाही हे कसे कळेल?

टाळ्या आणि अभिप्राय-पत्रकांतील उत्तम या शेऱ्यावरून कळत नाही. तासिकेच्या शेवटी चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्याव्यात: आज करता आलेली एक गोष्ट आणि अजून न समजलेली एक गोष्ट. चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी वाचाव्यात आणि सर्वाधिक आलेल्या शंकेचे उत्तर दुसऱ्या दिवशी विभागाच्या सूचनाफलकावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर द्यावे. खरा पुरावा प्रकल्पांतच मिळतो. प्राध्यापकांकडून दहा प्रकल्प मागून त्यांच्या संदर्भसूची पाहाव्यात: किती प्रकारची साधने आहेत, नोंदी पूर्ण आहेत का, आणि दिलेला संदर्भ मजकुरात खरोखर वापरला आहे का. पुढच्या वर्षीच्या पाठाचे टाचण या वाचनातून निघते.

सहकाऱ्याचा पाठ पाहताना काय पाहावे?

विद्यार्थी काय करीत आहेत ते पाहावे. शिकवणाऱ्याच्या हातवाऱ्यांवर आणि उच्चारांवर टीका करू नये. निरीक्षकाने दर पाच मिनिटांनी नोंद करावी की कोण बोलत आहे, किती जण लिहीत आहेत, कुठल्या क्षणी माना खाली गेल्या. पाठानंतर आधी शिकवणाऱ्याने बोलावे, मग निरीक्षकाने नोंदी वाचून दाखवाव्यात. ही नोंद गोपनीय अहवालाशी जोडली, तर कोणीही पाठ पाहू देणार नाही; प्राचार्यांनी हे आधीच स्पष्ट करावे.

या कामाची बढतीसाठी नोंद होते का?

होते. आयोगाच्या 2018 च्या विनियमांत ग्रंथपालांच्या मूल्यमापनाच्या बाबींमध्ये वापरकर्त्यांसाठी अल्प मुदतीचे अभ्यासक्रम तयार करून चालवणे याचा उल्लेख आहे. म्हणून प्रत्येक पाठाचे टाचण, हजेरी, चिठ्ठ्यांचा गोषवारा आणि पाहिलेल्या संदर्भसूचींची नोंद एका धारिकेत ठेवावी. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीच्या वेळीही ती उपयोगी पडते.

ग्रंथालयात एकच माणूस आहे. त्याने हे कसे करावे?

अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत आणि एकच व्यक्ती दाखल नोंदवहीपासून देवघेवीपर्यंत सर्व सांभाळते. तिच्याकडून सर्व वर्गांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तिने एका सत्रात एक विभाग, एक प्रकल्प आणि एक पाठ एवढेच घ्यावे. पाठ चालू असताना काउंटरवर बसण्यासाठी कमवा आणि शिका योजनेतील विद्यार्थी मिळू शकतो. तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी एकत्र येऊन प्रत्येकी एक पाठ तयार केला आणि परस्परांत वाटून घेतला, तर वर्षअखेर प्रत्येकाकडे तीन-चार पाठ असतात आणि एकमेकांचे वर्ग पाहण्याची सोयही होते. मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांच्या उजळणी वर्गांना जाताना यांतीलच एक टाचण सोबत न्यावे आणि तेथील सहकाऱ्यांसमोर दहा मिनिटे तो पाठ घेऊन दाखवण्याची संधी मागावी.